खाट... खाट... हुह्वुक आला

(दृश्य : लाकडी मोठं घर. मधोमध जाळ. ओंडक्यावर काठ्यांचे ठोके.)

आधी नुसता आवाज येतो. खाट... खाट... मग जाळाच्या उजेडात ती चोच दिसते, माणसाच्या हाताहून लांब. हा हुह्वुक. कवटी फोडून मेंदू खाणारा पक्षी. नर्तक खाली बसतो, मान झटकतो. आतून दोरी ओढली की सीडरच्या लाकडाचा जबडा आपटतो. त्याच झाडाच्या सालीच्या झिरमिळ्यांत बाकीचा माणूस गडप.

हे अलर्ट बे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकुव्हर बेटाच्या उत्तर टोकाजवळचं क्वाक्वाकावाक्व लोकांचं गाव. उन्हाळ्यात पाहुण्यांपुढेही इथे नाच होतात. पण कुणीही उठून कुठलाही मुखवटा चढवायचा नाही. नाच, गाणं, त्यामागची गोष्ट, सगळं त्या त्या घराण्याच्या मालकीचं. सातबारा कागदावर नसतो, इतकंच. पॉटलॅच म्हणजे घराण्याचा मोठा समारंभ. त्याला जमलेले पाहुणे हेच साक्षीदार, आणि साक्षीबद्दल यजमान त्यांना भेटी वाटतो.

सरकारला हे वाटणंच खुपलं. 1885 पासून पॉटलॅच हा गुन्हा ठरला. तरीही डिसेंबर 1921 मध्ये डॅन क्रॅनमर यांनी व्हिलेज आयलंडवर मोठा पॉटलॅच केला. धरपकड झाली. मुखवटे द्या, नाहीतर तुरुंगात जा! काहींनी मुखवटे दिले, काही तुरुंगात गेले. मुखवटे ओटावा, टोरांटोच्या संग्रहालयांत पोचले. काही न्यूयॉर्कच्या एका संग्राहकाने विकत घेतले.

(दृश्य : उमिस्ता केंद्र. मुखवटे.)

बंदी 1951 मध्ये उठली. मुखवटे परतायला आणखी वर्षं गेली. त्यांच्यासाठी 1980 मध्ये उमिस्ता केंद्र उघडलं. शत्रूने धरून नेलेलं माणूस सुटून घरी येतं, त्याला उमिस्ता म्हणायचे. परतलेले मुखवटे इथे काचेआड नाहीत. कोंडून झाले तेवढे पुरे.

(दृश्य : पुन्हा मोठं घर.)

आता झुनुक्वा. रानातली राक्षसीण. काळं तोंड, खोल डोळे, हू करणारे ओठ. पोरं पळवून पाठीवरच्या टोपलीत कोंबणारी. गोष्टीत भयंकर, पण इथे? झोपेने पेंगुळलेली. सगळे जाळाभोवती एका दिशेने फिरतात, ही उलटी निघते. सोबतचे तिला हाताला धरून वळवतात, जागेवर बसवतात. ती डुलकी काढते. उठते, आणि पुन्हा उलटीच निघते.