पातं फिरलं पाहिजे : घरी ओतलेला फिरत्या पात्याचा जिग

मंडळी, गळाच्या मानेवर शिशाचं डोकं ओतलं की मासेमारीचा जिग झाला, हे इथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. आज बोलायचंय ते त्या डोक्याखाली छोटं पातं फिरवणाऱ्या जिगबद्दल. खाडीचं पाणी गढूळ असतं, तिथं जिताड्याला किंवा तांबोशीला आमिष दिसण्याआधी जाणवतं. माशाच्या कुशीवर जी रेघ असते ना, तिला पाण्यातली थरथर कळते. ही थरथर पातं देतं. पण ते फिरलं तरच. न फिरणारं पातं म्हणजे नुसतं लोढणं.

आपण 14 ग्रॅमचा जिग धरू. गळ 3/0 मापाचा, मान 60 अंशात वाकलेली. शिशाची घनता मिलीला 11.34 ग्रॅम, म्हणजे डोक्याचं आकारमान साधारण 1.2 मिली हवं. नमुना इपॉक्सी पुट्टीचा करा आणि तोंड बंद केलेल्या 10 मिलीच्या सिरिंजमध्ये पाणी घेऊन त्यात बुडवा. पाणी किती चढलं ते पाहा, मोठा वाटला तर घासा. ओतल्यावर वजन करून हळहळण्यापेक्षा हे बरं.

साचा प्लास्टरचा चालतो. 10 भाग प्लास्टरला 7 भाग पाणी, दोन अर्ध्यांत, मधे व्हॅसलीन, आणि अर्ध्या नीट जुळाव्यात म्हणून दोन खळगे. शिसं ओतायचं भोक 5 ते 6 मिमीचं, हवा निघायला सुईने ओढलेल्या दोन बारीक रेघा. मग तो चार-पाच दिवस कडक उन्हात, आणि त्यानंतर काही तास 110 अंशांच्या भट्टीत वाळवायचा. इथं घाई नको म्हणजे नको. ओल राहिली तर तापलेलं शिसं पडताच पाण्याची वाफ होते आणि शिसं उसळून अंगावर येतं. प्लास्टरच्या आत बांधलेलंही थोडं पाणी असतं, ते दर ओतणीला निघत जातं. म्हणून हा साचा थोड्याच ओतण्यांत भुसभुशीत होतो. वीस-पंचवीस जिग करायचे असतील तर ॲल्युमिनियमचा साचा कातून घ्यावा.

आता सगळ्यात जास्त चुका होतात ती जागा. बरेच जण डोक्याच्या खाली स्विव्हलच, म्हणजे पातं अडकवायची गरगर फिरणारी कडीच, शिशात ओततात. शिसं पातळ असतं, ते स्विव्हलच्या पोटात शिरतं आणि तो जाम होतो. त्यातून वाचला तर पुढे डोकं रंगवताना रंग शिरतो. त्यापेक्षा 0.9 मिमीच्या स्टेनलेस तारेचा 3 मिमीचा फासा करा, तारेला दोन पीळ द्या, टोकं फाकवून ठेवा म्हणजे शिसं त्यांना धरून बसेल. फासा साच्यात, स्विव्हल नंतर. गंजलेला स्विव्हल उद्या बदलताही येतो.

शिसं पागाच्या जाळ्याच्या गोळ्यांचं घ्या, ते मऊ असतं. गाडीच्या चाकाची वजनं वापरणार असाल तर त्यात जस्ताची मिसळलेली नाहीत ना हे बघा. जस्त 420 अंशांच्या आसपास वितळतं, शिसं 327 ला. जास्त तापवलेल्या भांड्यात जस्त मिसळलं की शिसं दाट होऊन साचा भरेनासा होतो. बॅटरीच्या शिशाला हात लावू नका, त्यात आम्लाचे अवशेष असतात आणि विषारी वायू निघू शकतात. काम उघड्यावर, भांडं त्याच कामाचं, पोरं लांब. कानशीने घासलेल्या शिशाचा भुगा हा मोठा धोका; तो कपड्यांवरून घरात येतो आणि हातावरून ताटात.

ओतण्याचं तापमान 380 ते 400 अंश. डोक्यावर सुरकुत्या आल्या तर साचा गार आहे; पहिली तीन-चार डोकी भांड्यात परत जायचीच. पृष्ठभाग रवाळ, हिमासारखा दिसला तर शिसं फार तापलंय. शिसं नकोच असेल तर 58 टक्के बिस्मथ आणि 42 टक्के कथील, 138 अंशांना वितळतं; त्याच साच्यात जिग सुमारे साडेदहा ग्रॅमचा होईल. ब्रिटनमध्ये हंसांना शिशाची बाधा होते म्हणून 1987 पासून लहान शिशाच्या वजनांची विक्री बंद आहे.

पातं. पितळी पत्रा, 24 गेज, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. विलो झाडाच्या लांबट पानासारखं, 32 मिमी लांब, 12 रुंद. निमुळत्या टोकापासून 3 मिमीवर 2 मिमीचं भोक. भोकाची कोर दोन्ही बाजूंनी साफ करा, बोटाला लागली तर पातं स्विव्हलला जोडणाऱ्या कडीला, म्हणजे स्प्लिट रिंगलाही लागणार. मग लाकडाच्या खळग्यात ठोकून खोलगट करा. पत्रा ताठरला की मंद लाल होईतो तापवून थंड करा. पुण्याच्या तांबट आळीत तांब्यावर मठारकाम करतात, तसे बारीक ठोके दिले तर उजेड विखुरतो; स्वच्छ पाण्यात ते छान, गढूळात फुकट मेहनत. गोल कोलोरॅडो पातं पाणी जास्त हलवतं, पण जिगला वर उचलतं. खोल तळाशी जायचं असेल तर विलोच बरा.

स्विव्हल शक्यतो बॉल बेअरिंगचा, रिंग बारीक. स्विव्हल, रिंग आणि पातं मिळून लांबी गळाच्या वळणाच्या आत संपावी, नाहीतर फेकताना पातं गळाला विळखा घालतं.

आणि परीक्षा हौदात. दोन सेकंदांत एक मीटर, इतक्या सावकाश ओढा. पातं लगेच फिरलं पाहिजे. नाही फिरलं तर आधी स्विव्हल बोटाने फिरवून बघा, मग भोक, मग खोलगटपणा. फार सपाट पातं नुसतं डुलतं. पातं फिरतंय पण जिगच कलंडतोय, तर पातं मोठं आहे, दुसरं 4 मिमी लहान कापा. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्यात धुवा, पितळ काळं पडलं तर चिंच चोळा, आणि स्विव्हलला तेलाचा एक थेंब.