हसू पहिल्या टेकचं

(दृश्य: सकाळ. गोरेगाव पूर्वेहून चित्रनगरीकडे चढत जाणारा रस्ता. रिक्षांची रांग.)

डोंबिवलीहून आठच्या आत लोकल पकडायची, दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वेच्या फलाटावर यायचं, गोरेगावला उतरून पूर्वेकडून रिक्षा. काकूंनी हा रस्ता काल रात्रीच वहीत लिहून ठेवला होता. सोबत सून आहे. फोनवर पास आलाय. आज त्या एका मराठी विनोदी कार्यक्रमाच्या चित्रीकरणाला प्रेक्षक म्हणून निघाल्यात.

(दृश्य: चित्रनगरीचं प्रवेशद्वार, मागे झाडी.)

ही दादासाहेब फाळके चित्रनगरी. १९७७ साली राज्य सरकारनं उभारलेली, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीतली. एका वळणावर देऊळ दिसतं, पुढच्या वळणावर चाळ. दोन्ही प्लायवूडची. काकू रिक्षातून वाकून वाकून बघतायत.

पासवर वेळ दहाची आहे. आत घेतलं साडेअकराला. तोवर मांडवातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चहा आणि अनोळखी माणसांशी गप्पा. कुणी नाशिकहून रात्रीच्या गाडीनं आलंय. मागच्या रांगेतली दहा-बारा मुलं मात्र रोजावर आलीत. काही कार्यक्रमांना खुर्च्या भरायला समन्वयकामार्फत माणसं आणली जातात. त्यांचा दिवस काकूंच्या दिवसापेक्षा लांब असतो. हौसेनं आलेला माणूस दमला की घरी जाऊ शकतो, यांना रात्रीपर्यंत पहिल्या तासाइतक्याच जोरानं टाळी द्यावी लागते. ही मेहनत आहे आणि ती मेहनत म्हणूनच मोजली पाहिजे.

(दृश्य: टेबलावर जमा झालेले फोन, नंबरांचे बिल्ले.)

फोन इथं ठेवायचे. भाग प्रसारित व्हायच्या आधी त्यातलं काही बाहेर जाऊ नये म्हणून. मग कपड्यांवर नजर. पांढरा शर्ट मागे जातो, कारण दिव्यांच्या उजेडात तो कॅमेऱ्याला नको इतका चमकतो. बारीक चौकडीचा शर्टही मागे, कारण पडद्यावर त्या रेघा लहरल्यासारख्या दिसतात. काकूंची साडी डाळिंबी रंगाची आहे, बिनरेघांची. काकू तिसऱ्या रांगेत.

जेवणाच्या सुट्टीनंतरही याच खुर्चीवर बसायचं, हे बजावून सांगितलं जातं. स्किटच्या पूर्वार्धात तिथं डाळिंबी साडी आणि उत्तरार्धात निळा कुर्ता दिसला, तर संकलकाच्या डोक्याला ताप.

(दृश्य: चित्रीकरणाचा फ्लोअर. छताला लोखंडी जाळी, शेकडो दिवे. प्रेक्षकांवरून फिरणारी कॅमेऱ्याची क्रेन.)

आत गारठा आहे. दिवे आणि यंत्रं तापतात, म्हणून एसी जोरात. सुनेनं पर्समधून शाल काढून सासूबाईंच्या खांद्यावर टाकली. शालीवर बारीक नक्षी. ती लगेच काढायला लावली.

फ्लोअर मॅनेजर पुढे आला. त्याच्या कानात हेडफोन. दिग्दर्शक दुसऱ्या खोलीत आहे, सगळ्या कॅमेऱ्यांची चित्रं एकाच वेळी बघत, आणि त्याचा शब्द या माणसाच्या कानातून इथवर पोचतो. "मंडळी, एकदा टाळ्या. आता जोरात. आता उभं राहून." कॅमेरे आपल्याकडे वळले. "आता समजा, कुणीतरी फार मोठा विनोद केलाय." रंगमंचावर तेव्हा कुणीच नव्हतं. काकू ओठ मिटून बसल्या. मग त्या मागच्या मुलांपैकी एकानं अशी काही आरोळी ठोकली, की काकूंना खरंच हसू फुटलं.

"म्हणजे हे सगळं खोटंच की," असं म्हणणारे भेटतात. आम्हाला तसं वाटत नाही.

(दृश्य: प्रेक्षकांच्या डोक्यावर टांगलेले मायक्रोफोन.)

वर पाहा. हे मायक्रोफोन नटांसाठी नाहीत, नटांचे छोटे माइक त्यांच्या कपड्यांत आहेत. हे प्रेक्षकांसाठी. तुमचं हसणं वेगळ्या ट्रॅकवर घेतलं जातं.

आपले बरेचसे विनोदी नट एकांकिका स्पर्धांतून आणि व्यावसायिक नाटकांतून आलेले आहेत. पुण्यातला पुरुषोत्तम करंडक असो की दादरच्या शिवाजी मंदिरातला रविवारचा प्रयोग, तिथं त्यांनी एक गोष्ट अंगात भिनवलेली असते: पुढचं वाक्य कधी टाकायचं. हशा शिगेला असताना बोललं तर वाक्य बुडतं. तो पूर्ण विरेपर्यंत थांबलं तर प्रवेश थंड पडतो. हशा उतरायला लागला की त्या उतारावर वाक्य सोडायचं. हा उतार लिहिलेल्या संहितेत नसतो. तो समोरच्या खुर्च्यांत तयार होतो, आणि दरवेळी वेगळा.

१९५० च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स डग्लस या ध्वनितंत्रज्ञानं हसण्याचंच यंत्र काढलं होतं. कळ दाबली की साठवलेलं हसू. घरी बसलेल्याला त्यानं सोबत मिळते. पण हे हसू नंतर चढवलं, तर प्रसंग चालू असताना नटाला त्याचा काय उपयोग?

(दृश्य: रिकाम्या खुर्च्या.)

२०२० साली हे सगळ्यांनीच पाहिलं. मार्चमध्ये चित्रीकरणं थांबली. पुन्हा सुरू झाली तेव्हा स्टुडिओत प्रेक्षकांना जागा नव्हती. 'कौन बनेगा करोडपती'मध्ये २००० पासून असलेला प्रेक्षकांचा कौल त्या वर्षी काढावा लागला, त्याजागी मित्राला व्हिडिओ कॉल आला. तिथं निदान पर्याय होता. विनोद करणाऱ्याला तोही नव्हता.

(दृश्य: स्किट सुरू. प्रेक्षकांचे चेहरे.)

दुपारी तीन. सासरी पहिल्यांदा आलेला जावई आणि बहिरे असल्याचं सोंग घेणारे सासरे. जावयाचं एक वाक्य असं बसलं, की सभागृह उसळलं. काकू पुढच्या खुर्चीची पाठ धरून हसतायत. तिकडे नट थांबलाय. उताराची वाट पाहतोय. आणि तेवढ्यात कानातल्या आवाजानं फ्लोअर मॅनेजरचा हात वर गेला. नटाचा माइक कपड्याला घासला होता. वाक्य खरखरलं. परत घ्यायचं.

ही या दिवसातली सगळ्यात अवघड वेळ. विनोद सगळ्यांना कळलेला आहे. नट तेच वाक्य तितक्याच ताजेपणानं म्हणतो. लोकही हसतात, मनापासून साथ देतात. काकू तर वाक्य संपायच्या आधीच हसल्या. पण मघाचा तो उसळता आवाज आता नाही. नटालाही ते कळलं. त्यानं पुढचं वाक्य थोडं लवकर घेतलं.

(दृश्य: रात्र. लोकलच्या दारातून दिसणारे दिवे. काकू खिडकीशी झोपलेल्या.)

(दृश्य: संकलनाची खोली. पडद्यावर आवाजाच्या रेघा.)

चार दिवसांनी. संकलकासमोर दोन्ही टेक आहेत. पहिल्यात वाक्य खरखरतं, दुसऱ्यात स्वच्छ आहे. तो दुसरा घेतो. मग प्रेक्षकांचा ट्रॅक उघडतो, दोन्ही हशे एकापाठोपाठ ऐकतो, पुन्हा ऐकतो. दुसरा पुसून टाकतो. पहिल्या टेकचं हसू उचलून या वाक्याखाली आणून ठेवतो आणि नटाच्या पुढच्या वाक्याआधीचा अवकाश थोडा वाढवतो, हसू उतरायला लागेपर्यंत.

तिसऱ्या रांगेतून एक आवाज बाकीच्यांनंतरही क्षणभर रेंगाळतो. तो त्यानं कापला नाही.