चर्चला जायलाच हवं का?

मंडळी,

हा शब्द मी मुद्दाम सुरुवातीलाच घेतला. भाषणाला उभा राहणारा कोणीही समोरच्यांना 'मंडळी' म्हणतो. घरची मंडळी असतात, पाहुणे मंडळी असतात. मराठी बायबलमध्ये 'चर्च' या अर्थी हाच शब्द आहे. त्यामागचा ग्रीक शब्द 'एक्लेसिया', म्हणजे बोलावून जमवलेले लोक, सभा. नव्या करारात तो इमारतीसाठी एकदाही येत नाही. त्यामुळे आजचा प्रश्न 'चर्चला जाणं' या शब्दांत विचारला की साधा वाटतो, कारण मग ते बँकेत जाऊन येण्यासारखं एक काम होतं. 'मंडळीशिवाय ख्रिस्ती राहता येईल का' असं विचारलं, की तोच प्रश्न अडखळायला लागतो.

आधी एक गाठ सोडवून घेऊ. रविवारी हजेरी लावली म्हणून तारण, म्हणजे पापातून सुटका, होत नाही आणि चुकली म्हणून जात नाही. येशूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेला गुन्हेगार एकाही ख्रिस्ती उपासनेला गेला नव्हता. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायातला इथिओपियाचा षंढ अधिकारी रस्त्याकडेच्या पाण्यात बाप्तिस्मा घेतो आणि आनंद करत एकटाच पुढे जातो. तिथे त्याला कोणी विचारत नाही की पुढच्या रविवारी कुठे असाल. 'न गेल्यास देव मला नाकारील का' एवढंच जाणून घ्यायचं असेल, तर या दोन माणसांकडे पाहून उत्तर मिळतं. पण बायबलमध्ये एकत्र येण्याची आज्ञा जिथे आहे, तिथे हा प्रश्न मुळी विचारलेलाच नाही.

ती आज्ञा इब्री लोकांस पत्रात, 10व्या अध्यायाच्या 24 आणि 25व्या वचनांत आहे. बहुतेक वेळा फक्त 25वं वचन वाचून दाखवतात: आपलं एकत्र मिळणं सोडू नका, काहींना तशी सवय लागली आहे. ते छडीसारखं वापरलं जातं. ग्रीक वाक्याची रचना पाहा. मुख्य क्रियापद 24व्या वचनात आहे: 'एकमेकांकडे लक्ष देऊ या', प्रीती आणि सत्कर्मांसाठी एकमेकांना चेतवू या. 'एकत्र मिळणं न सोडता' हा त्या वाक्याचा आश्रित भाग आहे. म्हणजे लेखकाला हवं आहे ते लक्ष देणं. लोक एकत्र जमलेच नाहीत तर लक्ष कोणाकडे देणार, म्हणून जमणं. छडीवाल्यांनी मुख्य क्रियापद वगळून आश्रित भागच तेवढा हातात धरला.

दुसरी गोष्ट 'सोडणं' या शब्दाची. ग्रीक क्रियापद आहे 'एन्काटालेइपो'. मार्काच्या 15व्या अध्यायात वधस्तंभावरची आरोळी आहे, 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' तिथेही हेच क्रियापद. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात प्रेषित पौल म्हणतो की माझा सहकारी देमास मला सोडून गेला, तिथेही हेच. हा शब्द एखादा रविवार चुकण्याचा नव्हे. कोणाला तरी वाऱ्यावर सोडून निघून जाण्याचा आहे, आणि तोही चालत राहणाऱ्या क्रियेच्या रूपात. तेव्हा तापाने अंथरुणावर पडलेल्या माणसाला किंवा रविवारी कामाची पाळी लागलेल्या परिचारिकेला हे वचन ऐकवणं म्हणजे शास्त्र न वाचता शास्त्र मारणं आहे.

पण या वाचनाची धार दुसऱ्या बाजूलाही लागते. आज्ञा 'एकमेकांकडे लक्ष द्या' अशी असेल, तर 'मला तिथून काही मिळत नाही' हे न जाण्याचं कारण पुरेसं राहत नाही. तुम्हाला काय मिळतं हा त्या वाक्याचा विषयच नाही. चौथ्या शतकात बासिल या बिशपने ख्रिस्ती संन्याशांसाठी नियम लिहिले. एकांतात राहू इच्छिणाऱ्याला त्याने विचारलं: येशूने शिष्यांचे पाय धुतले, तू कोणाचे धुशील?

आता दोन वचनं, जी एकांताच्या बाजूने हटकून पुढे केली जातात. पहिलं मत्तय 6:6: प्रार्थना करताना खोलीत जा, दार लाव. बरोबर आहे. पण तीनच वचनं पुढे, त्या खोलीत म्हणायची प्रार्थना सुरू होते ती 'आमच्या पित्या' अशी. आमची भाकर, आमची पापं, आम्हाला सोडव. अख्ख्या प्रार्थनेत 'मी' एकदाही नाही. दार लावून घेतलेला माणूससुद्धा अनेकवचनातच बोलतो. आणि तिथला इशारा चारचौघांनी पाहावं म्हणून प्रार्थना करणाऱ्यांना आहे, चारचौघांत प्रार्थना करणाऱ्यांना नव्हे.

दुसरं मत्तय 18:20: जिथे दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमतात तिथे मी आहे. यावरून दोन मित्र गप्पा मारत बसले की झाली मंडळी, असं म्हणतात. हे वचन 15व्या वचनापासून वाचा. भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन बोल. ऐकलं नाही तर एकदोघांना साक्षीला ने. तरी नाही तर मंडळीला सांग. 'दोघे किंवा तिघे' हा आकडा जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 19व्या अध्यायातल्या साक्षीदारांच्या नियमातून आलेला आहे. म्हणजे ज्या उताऱ्यातून मंडळीला सुट्टी मिळाली असं लोक समजतात, त्या उताऱ्यात दोघे-तिघे वेगळे आणि मंडळी वेगळी आहे.

सुरुवातीचे ख्रिस्ती प्रत्यक्षात काय करत होते याची दोन चांगली वर्णनं आहेत. पहिलं बाहेरच्या माणसाचं. साधारण 112 साली बिथुनिया प्रांताचा रोमन सुभेदार प्लिनी याने सम्राट त्राजानला पत्र लिहिलं. चौकशीत त्याला कळलं ते असं: हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र म्हणतात, चोरी, लूट, व्यभिचार करणार नाही अशी शपथ घेतात, मग पांगतात आणि नंतर जेवायला पुन्हा जमतात. 'उजाडण्यापूर्वी' हा शब्द महत्त्वाचा. रविवार हा कामाचा दिवस होता. तो सुट्टीचा झाला 321 साली, कॉन्स्टंटाइनच्या हुकमाने, आणि तेव्हाही शेतकऱ्यांना शेतीकाम करायची मोकळीक होती. जवळजवळ तीनशे वर्षं लोक कामाला जाण्याआधी किंवा कामावरून आल्यावर जमले. 'आठवड्यातून एकच सुट्टी मिळते' या अडचणीला मी हसत नाही, ती खरी आहे. पण उपासना सुट्टीमुळे उभी राहिलेली नाही.

दुसरं वर्णन आतल्या माणसाचं. रोममध्ये, 155च्या सुमारास, जस्टिन या ख्रिस्ती शिक्षकाने सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती लोकांची बाजू मांडली. त्यात रविवारचा क्रम आहे. शहरातले आणि खेड्यांतले एका ठिकाणी येतात. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे ग्रंथ वेळ असेल तोवर वाचतात. वाचक थांबला की अध्यक्ष बोध करतो. मग सगळे उभे राहून प्रार्थना करतात. भाकर, द्राक्षारस आणि पाणी आणतात; अध्यक्ष उपकारस्तुती करतो, लोक 'आमेन' म्हणतात, वाटप होतं. आणि जे आले नाहीत त्यांच्याकडे डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, वाटा घेऊन जातात. ज्याला जमेल तो देणगी देतो. ती अध्यक्षाकडे राहते, त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले, परके यांची काळजी घेतली जाते.

वाटा घेऊन जाणाऱ्या त्या डीकनपाशी जरा थांबू. वाटा पाठवायचा तर कोण आलं नाही हे माहीत हवं, तो कुठे राहतो हे माहीत हवं, आणि का आला नाही याचा अंदाज हवा. न येणारा माणूस हा त्या उपासनेचाच एक भाग होता. आज एखाद्या मंडळीत सलग सहा रविवार कोणी दिसलं नाही आणि कोणाच्या लक्षातच आलं नाही, तर इब्री 10:24 त्या माणसाने मोडलं की मंडळीने? माझ्या मते आधी मंडळीने.

पुढच्या काळात लक्ष देण्याऐवजी नियम आले. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनमधल्या एल्विराच्या बिशपांच्या सभेने ठरवलं की शहरात राहून तीन रविवार न येणाऱ्याला काही काळ बाहेर ठेवावं. 692च्या त्रुल्लो सभेनेही तीन रविवारांचीच मर्यादा घातली. इंग्लंडमध्ये 1559च्या कायद्याने तर गैरहजेरीला दर वेळी 12 पेन्स दंड लावला. रक्कम गरिबांना जायची, एवढंच त्यातलं बरं. दंडाने बाकं भरतात. बाकावरच्या शेजाऱ्याकडे लक्ष जाईलच असं नाही. याचं आणखी एक टोक: 1215च्या लॅटरन सभेला असा नियम करावा लागला की प्रत्येकाने वर्षातून निदान एकदा, ईस्टरला, प्रभुभोजन, म्हणजे त्या भाकर-द्राक्षारसाचा वाटा, घ्यावं. लोक येत होते, पण घेत नव्हते.

आजचा कॅथलिक नियम नीट सांगतो, कारण त्याबद्दल गैरसमज फार. 1983च्या कॅथलिक धर्मनियमांच्या संहितेप्रमाणे रविवारी मिस्सेला, म्हणजे प्रभुभोजनाच्या उपासनेला, हजर राहणं बंधनकारक आहे; आदल्या संध्याकाळची मिस्साही चालते. गंभीर कारण असेल, म्हणजे आजारपण किंवा तान्ह्या मुलांची देखभाल, तर बंधन लागू होत नाही. धर्मगुरूच उपलब्ध नसेल तर वचनाच्या उपासनेत भाग घ्यावा किंवा घरी योग्य वेळ प्रार्थनेत घालवावा, अशी शिफारस आहे. कारण नसताना जाणूनबुजून चुकवणं मात्र गंभीर पाप धरलं जातं, आणि त्यानंतर प्रभुभोजन घेण्यापूर्वी कन्फेशन, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली, करावं लागतं.

प्रोटेस्टंट बाजूला अशी यादी नाही, पण गाभा तोच आहे. 1530च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबात, म्हणजे ल्यूथरन लोकांच्या विश्वासाच्या जाहीर निवेदनात, मंडळीची व्याख्या आहे: जिथे शुभवर्तमान शुद्धपणे शिकवलं जातं आणि संस्कार योग्य रीतीने दिले जातात, असा पवित्र जनांचा मेळावा. शिकवायला ऐकणारा लागतो. बाप्तिस्मा स्वतःचा स्वतःला देता येत नाही. इंग्लंडच्या 1662च्या प्रार्थनापुस्तकात तर स्पष्ट सूचना आहे की पाळकाबरोबर किमान तिघे घेणारे नसतील तर प्रभुभोजन होणार नाही. आणि क्वेकर हा ख्रिस्ती पंथ पाहा. त्यांनी भाकर काढली, पाण्याचा बाप्तिस्मा काढला, ठरलेला क्रम काढला. जमून एकत्र शांत बसणं तेवढं काढलं नाही.

मग घरी पडद्यावर उपासना पाहणं? वचन आणि उपदेश पडद्यावरून नीट पोचतात. कधी कधी मागच्या बाकापेक्षा चांगले. गाणं पोचत नाही. व्हिडिओ कॉलवर आवाज सेकंदाच्या काही अंशाने मागे पडतो, दहा जण एकदम गायला लागले की ताल फुटतो, म्हणून सगळ्यांचे माईक बंद करावे लागतात. कलस्सैकरांस पत्र 3:16 मध्ये गाणं हे एकमेकांना शिकवण्याचं साधन आहे, आणि इथे प्रत्येक जण एकटाच गातो. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना होत नाही. कोणाचे डोळे सुजलेले आहेत हे दिसत नाही. आजाऱ्यासाठी, प्रवासातल्यासाठी पडदा ही सोय आहे. धडधाकट माणसासाठी ती हळूहळू दुसऱ्या कोणाला न भेटण्याची सोय होते.

जमणंही बिघडतं, आणि हे पौलाइतकं उघडपणे कोणी लिहिलेलं नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 11व्या अध्यायात तो म्हणतो, तुमच्या एकत्र येण्याने हित होत नाही, अहित होतं. कारण? प्रभुभोजनाच्या वेळी जो तो आपलंच जेवण आधी उरकतो. एक उपाशी राहतो, दुसरा प्यायलेला असतो. ज्यांच्याकडे काही नाही त्यांना लाजवलं जातं. पौलाचा उपाय 33व्या वचनात आहे: एकमेकांसाठी थांबा. 'येणं बंद करा' असं तो म्हणत नाही.

याच्यापुढची एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. जिथे पाळक किंवा पुढारी माणसांना धमकावतो, पैशाचा हिशेब विचारू देत नाही, अंगाला हात लावतो, तिथून निघा. गुन्हा असेल तर पोलिसांकडे जा. इब्री 10:25 त्या खोलीत बसून राहायला सांगत नाही. ती खोली सोडल्यावर दुसरीकडे दोन-चार विश्वासू माणसं शोधणं, हे मात्र त्याच वचनातलं आहे, आणि त्याला वेळ लागला तर लागू द्या.

मंडळीने लक्ष कसं ठेवावं? एकट्या पाळकाने दीडशे माणसं लक्षात ठेवणं शक्य नाही. दर दहा-बारा घरांमागे एक माणूस ठरवा. पहिला रविवार चुकला तर काही करू नका. दुसरा चुकला की एक निरोप. तिसरा चुकला की फोन करून, विचारून, घरी जा. बोलताना 'कुठे होतात?' हे पहिलं वाक्य नको. ते हजेरीपटाचं वाक्य आहे. 'बरं आहे ना?' पुरे. वर्षभराने परत आलेल्याचं पुढे बोलावून जाहीर स्वागत करू नका. तो पुढच्या रविवारी येणार नाही. शेजारी बसा, वचन कुठलं चाललंय ते पान दाखवा. आणि परत येणाऱ्याने पहिल्याच दिवशी कुठली जबाबदारी घेऊ नये. सुरू होण्याआधी दहा मिनिटं यावं, संपल्यावर दहा मिनिटं थांबावं. ओळखी त्या वीस मिनिटांत होतात.

जे येऊच शकत नाहीत त्यांच्याकडे प्रभुभोजन न्यायचं, तर शक्यतो त्याच दिवशी न्या, म्हणजे ते त्याच भाकरीतलं राहतं. आधी कळवा, घरात एक रिकामं टेबल आणि पुसलेला पेला एवढं लागतं. तिथे सकाळचंच वचन वाचा, दुसरं नको. घरातल्या इतरांनाही विचारा, विशेषतः आजाऱ्याची देखभाल करणाऱ्याला. तोही कित्येक रविवार आलेला नसतो. कॅथलिक मंडळीत प्रभुभोजनाआधी एक तास काही न खाण्याचा नियम आहे, पण वृद्धांना, आजाऱ्यांना आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांना तो लागू नाही, तेव्हा औषधावरचं खाणं थांबवू नका. गिळायला त्रास असेल तर अगदी लहान तुकडा द्या. तोही जात नसेल तर नुसता द्राक्षारस चालतो. आणि निघण्याआधी सकाळी मंडळीत कोण कोण होतं, ते त्यांना नावं घेऊन सांगा.