हट्ट सोडा, इच्छा ठेवा: अल्बर्ट एलिस यांची गोष्ट

[पडद्यावर: ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानाची जुनी कृष्णधवल छायाचित्रं. हिरवळ, झाडं, लाकडी बाक.]

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातलं हे वनस्पती उद्यान. काळ 1930च्या दशकाच्या सुरुवातीचा. एकोणीस वर्षांचा एक मुलगा महिनाभर इथे येतोय. बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी जाऊन बसायचं आणि मिनिटभरात बोलायला सुरुवात करायची, असं त्याने स्वतःला बजावलंय. विषय कुठलाही चालेल. हवा, झाडं, तिच्या हातातलं पुस्तक. सबब मात्र एकही चालणार नाही.

एरवी मुलींशी बोलायचं म्हटलं की या मुलाची बोबडी वळते.

महिन्याभरात तो 130 जणींच्या शेजारी जाऊन बसला. तीस जणी लगेच उठून गेल्या. उरलेल्या शंभर जणींशी काही ना काही बोलणं झालं. एक जण पुन्हा भेटायला तयार झाली, आणि ठरल्या वेळी आलीच नाही.

म्हणजे हाती भोपळा. पण मुलाचं लक्ष दुसरीकडेच होतं. इतके नकार पचवूनही त्याचं काही बिघडलं नव्हतं. कुणी आरडाओरडा केला नाही, पोलीस आले नाहीत, आभाळ कोसळलं नाही. ज्याची इतकी वर्षं धास्ती घेतली, ते शंभरदा घडलं आणि भीती पार बोथट झाली. (बागेत अनोळखी स्त्रियांना असं गाठायचा सल्ला आज कुणी देऊ नये. त्या 130 जणींची बाजू तेव्हाही कुणी विचारली नव्हती.)

हा मुलगा म्हणजे अल्बर्ट एलिस. जन्म 27 सप्टेंबर 1913, पिट्सबर्ग. लहानपणी मूत्रपिंडाच्या आजारामुळे त्याच्या रुग्णालयाच्या वाऱ्या चालायच्या आणि आईवडील भेटायला क्वचितच यायचे. पुढे 1947 मध्ये त्याने कोलंबिया विद्यापीठातून मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मनोविश्लेषणाचं प्रशिक्षण घेतलं. रुग्णाने कोचावर पडून बालपण आठवायचं, डॉक्टरांनी मागे बसून ऐकायचं. वर्षानुवर्षं.

एलिस यांना या पद्धतीचा कंटाळा आला. लोकांना आपल्या दुःखाचं मूळ सापडत होतं, पण दुःख हलत नव्हतं. मग त्यांनी तरुणपणी वाचलेले ग्रीक आणि रोमन तत्त्वज्ञ पुन्हा हाताशी घेतले. गुलाम म्हणून जगलेल्या एपिक्टेटसने सांगून ठेवलं होतं की माणसाला घटना अस्वस्थ करत नाहीत, घटनांबद्दलची त्याची मतं अस्वस्थ करतात. या पायावर एलिस यांनी 1955 मध्ये नवी उपचारपद्धती उभी केली. मराठीत आपण तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतो.

[पडद्यावर: गृहनिर्माण सोसायटीचं आवार, संध्याकाळ. पार्किंगचे रंगवलेले आकडे.]

ही पद्धत चालते कशी, ते आपल्याच आवारात पाहू.

समजा, तुम्ही दमूनभागून घरी आलात आणि तुमच्या पार्किंगच्या जागेत तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांची गाडी उभी आहे. या महिन्यात चौथ्यांदा. डोकं सणकतं, कानशिलं तापतात. जिने चढता चढता तुम्ही त्यांना काय काय सुनवायचं याची उजळणी करता.

कुणी विचारलं तर तुम्ही म्हणाल, त्या माणसाने माझं डोकं फिरवलं. एलिस तुम्हाला इथेच अडवतील. त्या माणसाने गाडी लावली, एवढंच. डोकं फिरवायचं काम तुम्ही स्वतः केलंत, मनातल्या मनात एक वाक्य बोलून. ते वाक्य शोधा.

पहिल्यांदा हाती लागतं ते वाक्य निरुपद्रवी असतं: ‘त्यांनी माझ्या जागेत गाडी लावू नये अशी माझी इच्छा आहे.’ यात वावगं काहीच नाही. एवढ्यावर थांबलात तर तुम्ही नाराज व्हाल, वैतागाल, पण रक्त उकळणार नाही. उकळतं ते पुढच्या वाक्याने: ‘त्यांनी असं करताच कामा नये! हे मला सहनच होत नाही! असली माणसं नालायकच असतात!’

आता एलिस यांची उलटतपासणी सुरू होते. करता कामा नये, हा नियम कुठे लिहिलाय? सोसायटीच्या उपविधींत असेल. पण सोसायटीचे नियम लोक पाळतातच, असा निसर्गाचा नियम आहे का? सहन होत नाही म्हणता, मग गेल्या तीन वेळा काय केलंत? त्रास झाला, पण सहन झालंच ना? आणि गाडी चुकीच्या जागी लावणारा माणूस आरपार नालायक ठरत असेल, तर तुम्हीही आयुष्यात कुठेतरी वाकडी गाडी लावली असेल. तेव्हा तुमचं काय ठरलं होतं?

शेवटचा प्रश्न व्यवहाराचा. या संतापाचा उपयोग काय होतोय? गाडी हलली का?

ही उलटतपासणी नीट झाली तर तुम्ही काही संत होत नाही. चिडचिड उरतेच, आणि ती उरावी हेच एलिस यांना अपेक्षित आहे. फक्त आता हात थरथरत नाहीत. त्यामुळे तुम्ही गृहस्थांची बेल वाजवून गाडी काढायला सांगता, आणि पाचव्यांदा तेच घडलं तर सेक्रेटरींना लेखी तक्रार देता.

म्हणून याला ‘सकारात्मक विचार’ म्हणणं मला पटत नाही. सगळं छान आहे, असं स्वतःला पढवायला एलिस कधीच सांगत नाहीत. वाईट ते वाईटच. त्याचं ‘भयंकर’ आणि ‘असह्य’ करणं तेवढं थांबवायचं.

चिंतेच्या बाबतीत गाठ जास्त अवघड असते, कारण तिला मजले असतात. उद्या दहा माणसांसमोर बोलायचंय म्हणून छातीत धडधडतं, हा तळमजला. ‘मला धडधडतंय, म्हणजे मी दुबळा. हे लोकांना दिसलं तर संपलंच!’ हा वरचा मजला. झोप उडवतो तो बहुतेकदा हा वरचाच. एलिस आधी तिथे हात घालत. धडधडलं तर धडधडू दे, आवाज कापला तर कापू दे, त्याने तुमची माणूस म्हणून किंमत उतरत नाही. धडधडीला ही मुभा मिळाली की खालच्या मजल्याचं काम सोपं होतं.

नुसत्या चर्चेवर त्यांचा भरवसा नव्हता. बागेतला तो महिना ते विसरले नव्हते. म्हणून ते लोकांना लाज मोडण्याचा गृहपाठ देत. केळ्याला दोरी बांधून ते कुत्र्यासारखं फिरवत भर रस्त्याने जायचं. भुयारी रेल्वेत उभं राहून स्टेशनांची नावं मोठ्याने पुकारायची. लोक बघतात, हसतात आणि दोन मिनिटांत आपापल्या मोबाइलकडे वळतात. तेव्हा वर्तमानपत्राकडे वळायचे, इतकाच फरक.

[पडद्यावर: न्यूयॉर्क, ईस्ट 65वा रस्ता. इमारतीचा दर्शनी भाग.]

1965 पासून दर शुक्रवारी रात्री एलिस आपल्या संस्थेच्या या इमारतीत जाहीर सत्र घेत. प्रेक्षकांतून कुणी पुढे यायचं, आपली अडचण सांगायची आणि सगळ्यांसमोर स्वतःच्या विचारांची चिरफाड करून घ्यायची. कित्येक वर्षं तिकीट अवघं 5 डॉलर. एलिस यांची जीभ तिखट, शिव्याही सढळ. ज्याला प्रेमाने कुरवाळून घ्यायचं असेल त्याची इथे निराशा व्हायची.

महाराष्ट्रात हा विचार रुजवला तो मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी. एलिस यांच्याशी त्यांचा अनेक वर्षं पत्रव्यवहार होता. ठाण्यात मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी व्याख्यानांतून आणि लेखनातून हा विचार सर्वसामान्य मराठी कुटुंबांपर्यंत नेला.

एक आक्षेप मात्र इथेही ऐकू येतो आणि तो रास्त आहे. पगार थकवणाऱ्या मालकावर, मारहाण करणाऱ्या नवऱ्यावर माणसाने रागवायचं नाही का? आपलेच विचार तपासत बसायचं?

याचं उत्तर एलिस यांच्या अखेरच्या वर्षांत सापडतं. 2005 मध्ये त्यांनीच उभ्या केलेल्या संस्थेच्या संचालक मंडळाने त्यांना मंडळावरून काढून टाकलं. शुक्रवारची सत्रंही त्या इमारतीत बंद झाली. वय 92, कान अधू, जुना मधुमेह. माझ्याशी लोकांनी न्यायानेच वागलं पाहिजे, या हट्टातून संताप येतो, असं आयुष्यभर शिकवणाऱ्या माणसावरच ही वेळ आली.

एलिस यांनी ते मुकाट्याने सोसलं नाही. शेजारीच जागा भाड्याने घेऊन त्यांनी शुक्रवारची सत्रं चालू ठेवली आणि संस्थेला न्यायालयात खेचलं. जग न्यायी असलंच पाहिजे हा हट्ट सोडणं, आणि अन्यायाविरुद्ध दावा ठोकणं, या दोन गोष्टी त्यांच्या लेखी एकमेकींच्या आड येत नव्हत्या. उलट डोकं ठिकाणावर असलेला माणूस दावा अधिक चांगला लढतो.

जानेवारी 2006 मध्ये न्यायाधीशांनी त्यांची हकालपट्टी अयोग्य ठरवली आणि त्यांना मंडळावर परत घेण्याचा आदेश दिला. पुढच्या वर्षी, 24 जुलै 2007 रोजी, एलिस यांचं निधन झालं. मधल्या काळात न्यूमोनियाने अंथरुण धरलेलं असतानाही ते भेटायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकवत होते.