ग्रेड टू म्हणजे दुसरी स्टेज न्हवं

नमस्कार मंडळी. मी मिरजेतला पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे ऑपरेशनमधनं काढलेल्या गाठीचा तुकडा मायक्रोस्कोपखाली बघून रिपोर्ट लिहिणारा, पेशंट सहसा आमचं तोंड बघत नाहीत. पण मागं तासगावकडचे एक काका सुनेच्या मेंदूतल्या गाठीचा रिपोर्ट कॅरीबॅगेत घालून थेट लॅबमध्येच आले आणि म्हणाले, "डॉक्टर, दुसऱ्या स्टेजला गेलंय म्हणं." रिपोर्टात होतं, ग्रेड २.

हितंच घोळ होतो बघा. स्टेज म्हणजे कॅन्सर अंगात कुठवर पोचला, ती तोंडाच्या, ब्रेस्टच्या कॅन्सरला लावतात. मेंदूतली गाठ तिथनं बाहेर, लिव्हरला वगैरे, क्वचितच जाते, म्हणून तिथं बघायचा ग्रेड, १ ते ४, म्हणजे गाठीचा स्वभाव, १ गरीब, ४ सगळ्यात आडदांड. पेशी किती झपाट्यानं दुभंगतायत, मधेच मेलेले पट्टे आहेत का, हे स्लाइडवर जांभळ्या-गुलाबी रंगात दिसतं.

पण नुसत्या डोळ्यावर आता भागत नाही. आपल्या सांगलीच्या यार्डात हळकुंड मोडून आतला रंग बघतात, पण करक्युमिन, म्हणजे हळदीला रंग देणारं द्रव्य, किती ते लॅबच सांगणार, तसंच हे. जागतिक आरोग्य संघटनेनं १९७९ पासून या गाठींची वर्गवारी ठेवलीय, २०२१ च्या पाचव्या आवृत्तीत जीनच्या टेस्टला फार वजन आलं. मोठ्या माणसातली, मेंदूत मुळं पसरणारी एखादी गाठ स्लाइडवर गरीब दिसते, पण आयडीएच नावाचा जीन नॉर्मल आणि ईजीएफआर या जीनच्या प्रती भरमसाट वाढलेल्या निघाल्या की ती ग्लिओब्लास्टोमा, थेट ग्रेड ४. म्हणून रिपोर्टला उशीर होतो, आमच्या नावानं खडे फोडू नका.

आणि नुसता आकडा धरून बसायचं नाही, आधी नाव. मेनिंजिओमा, मेंदूच्या आवरणातली गाठ, बहुतेक वेळा ग्रेड १, पूर्ण निघाली तर बऱ्याचदा काम संपतं. लहान मुलांच्या मेंदूतला मेड्युलोब्लास्टोमा ग्रेड ४, तरी त्यातला डब्ल्यूएनटी नावाचा प्रकार उपचारांना चांगली दाद देतो. पाठीच्या कण्यात खाली होणारा मिक्सोपॅपिलरी एपेंडिमोमा आधी १ होता, २०२१ ला त्याला २ केलं, जुना रिपोर्ट कपाटात असेल तर गाठ वाढली असं समजून घाबरू नका, आकडा आम्ही बदलला. उलट ग्रेड १ ची गाठसुद्धा मेंदूच्या देठाला चिकटली तर सर्जनच्या कपाळाला घाम आणते.

तर काकांच्या सुनेची गाठ होती ऑलिगोडेन्ड्रोग्लिओमा, आयडीएच बदललेला, १पी आणि १९क्यू हे गुणसूत्रांचे दोन्ही तुकडे गायब, या जातीत ग्रेड २ किंवा ३ च असतो आणि रेडिएशन-केमोला ती बऱ्यापैकी ऐकते. मेंदूतल्या मेंदूत मुळं गेलेली असतात, तेही मी लपवलं नाही. काकांनी एसटीचं तिकीट पुढं केलं, "मागं मराठीत लिवा, घरी सांगायचंय." लिहून दिलं. दारापर्यंत जाताना तीनदा म्हणून बघितलं, ऑलिगो... ऑलिगोडें... आणि तिकीट टोपीत खोचलं.