आबांचं घुमट आणि पोटातलं रक्त

नमस्कार श्रोतेहो. शौचाला काळं होतंय, डांबरासारखं काळं, चिकट, उग्र वासाचं, तर समजा की पोटात कुठेतरी रक्त सुटलंय. बहुतेकदा कारण अल्सर, नाहीतर दारूने लिव्हर खराब होऊन अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा. ते तुम्ही जाणता. आज रक्तवाहिन्यांची विरळा दुखणी. पण आधी पेडण्याचे आबा.

आबा सत्तरी ओलांडलेले. गणेशचतुर्थीच्या, आमच्या चवथीच्या, आरतीला घुमट, म्हणजे मातीच्या मडक्याला कातडं ताणून केलेलं वाद्य, त्यांचंच. घोरपडीच्या कातड्यावर बंदी आली ते बरंच झालं. बकरीच्या कातड्याचा नादही कमी नाही, कोण काय म्हणो! तर त्या चवथीला दुसऱ्याच आरतीत आबांना दम लागला. सून घेऊन आली. हिमोग्लोबिन सहा. "डॉक्टर, रक्त चढवलं की महिनाभर बरे, मग परत पांढरेफटक." वरून दुर्बीण झालेली, खालूनही, काही सापडलं नव्हतं. कुणी मूळव्याध म्हणालं, कुणी लोहाच्या गोळ्या. गोळ्यांनी शौच काळी होते खरी, पण हिमोग्लोबिन उतरत नाही. हे परत सांगतो: गोळ्यांनी हिमोग्लोबिन उतरत नाही.

मी छातीला स्टेथोस्कोप लावला. ठोक्याठोक्याला खरखर, पार मानेपर्यंत. हल्ली स्टेथोस्कोप गळ्यातला दागिना झालाय; आधी रिपोर्ट, मग पेशंट. असो. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी काढली, तर हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीची, महाधमनीची, झडप आकसलेली. आकसलेली झडप आणि आतड्यातलं रक्त, ही जोडी अमेरिकेतल्या डॉ. हाइड यांनी १९५८ साली नोंदवली. अरुंद झडपेतून जोराने जाताना रक्त गोठायला लागणारं एक प्रथिन तुटतं, आणि आतड्यातल्या नाजूक, वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या झिरपत राहतात. गिळायच्या कॅप्सूल-कॅमेऱ्यात त्या लहान आतड्यात दिसल्या, लालभडक ठिपके. तेवढे जाळून भागत नाही, नवे येतात. आबांची झडप बदलली आणि रक्त जाणं थांबलं. पुढच्या चवथीला त्यांनी घुमट कुणाला हात लावू दिलं नाही.

आता वेळ थोडा उरलाय. जठराच्या वरच्या भागात कधी एखादी जाड धमनी अल्सर नसतानाच आतल्या आवरणाला टेकते आणि एकाएकी फुटते. फ्रेंच डॉक्टर द्यलाफ्वा यांचं नाव तिला आहे. रक्त थांबलं की जागा सापडत नाही, म्हणून दुर्बीण लवकर हवी. क्लिप बसली की बहुधा काम होतं.

आणि पोटातल्या महाधमनीला ज्यांची कृत्रिम नळी बसवलीय, त्यांनी नीट ऐका. नळी आतड्याला घासून भोक पडलं तर पहिलं रक्त थोडंच जातं, थांबतंही. दुसरं थांबत नाही. पहिल्यालाच १०८ ला फोन करा, आणि ऑपरेशनचे कागद बरोबर घ्या.