पाणी निवळायला किती दिवस लागले?

(दृश्य: पूर्व विदर्भातला एक मामा (माजी मालगुजारी) तलाव. सकाळचे अकरा. डोंगा, दोरी, काळी-पांढरी तबकडी.)

तबकडी २० सेंटीमीटरची, चार भाग, एकाआड एक काळे-पांढरे. दोरीला दर १० सेंटीमीटरवर खूण. डोंग्याच्या सावलीच्या बाजूनं ती सोडायची. दिसेनाशी झाली तो एक आकडा, वर ओढताना पुन्हा दिसली तो दुसरा. दोन्हींची सरासरी म्हणजे त्या दिवसाची पारदर्शकता. नितळ, उथळ तलावात तबकडी दिसत असतानाच तळाला टेकते. तो आकडा धरायचा नाही. अशा ठिकाणी विरघळलेला ऑक्सिजन मोजावा, रोज एकाच वेळी. तो पहाटे सगळ्यात कमी आणि दुपारी चढलेला असतो, वेळ चुकली की नोंद फुकट.

भंडारा-गोंदियाचे माजी मालगुजारी तलाव उथळ आहेत. उथळ तलाव सहसा दोनपैकी एका अवस्थेत टिकतो: तळाशी हायड्रिलासारख्या वनस्पती आणि वर नितळ पाणी, नाही तर शेवाळानं हिरवं, गढूळ पाणी. धानाच्या बांध्यांतून खताचा फॉस्फरस येतो. ग्रास कार्प हा मासा जास्त सोडला तर तो वनस्पती फस्त करतो, सायप्रिनस (कॉमन कार्प) गाळ उकरतो. तरी वरून तलाव चांगलाच दिसतो. मग एका हंगामात पालटतो. त्यानंतर खत कमी केलं तरी लगेच सावरत नाही, कारण तळापर्यंत उजेडच पोचत नाही, वनस्पती रुजणार कशा?

तलावाची स्थिती म्हणजे एक गोटी समजा. कढईत गोटी ठेवून कढई हलवा. गोटी झटकन तळाशी येते. कढईची परात झाली, की तेवढ्याच धक्क्यानं गोटी लांब जाते आणि रेंगाळत परतते. वारा, वळवाची सर, पाण्यात उतरलेल्या म्हशी, हे तलावाला बसणारे धक्के. पाणी किती गढूळलं याहून ते निवळायला किती दिवस लागले, हे महत्त्वाचं.

(दृश्य: एक्सेलमधले दोन रकाने.)

रोजच्या आकड्यातून आधी सुमारे ३० दिवसांची सरकती सरासरी वजा करा. सरासरी १० दिवसांची घेतली तर निवळण्याचं मंदावणंच पुसलं जातं. फार लांबची घेतली तर पावसाळ्याचा कल आत राहतो. उरलेल्या फरकांचा एक रकाना, शेजारी तोच एक दिवस खाली सरकवलेला. दोन्हींचा सहसंबंध काढा, ६० दिवसांची खिडकी पुढे सरकवत. तो ०.५ असेल तर धक्का ओसरण्याचा काळ सुमारे दीड दिवस, ०.९ झाला तर साडेनऊ दिवस. धक्के तेवढेच राहिले तरी चढउतारांचं विचरण (व्हेरियन्स, म्हणजे आकड्यांचा पसारा) तेव्हा चौपट होतं.

दोन्ही आकडे एकत्र चढायला हवेत. नुसतं विचरण वाढलं तर कदाचित त्या वर्षी वाराच जास्त असेल. सहसंबंध चढला, तर ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरवर शेवाळ तर बसलं नाही ना, ते आधी बघा. चुकलेले दिवस अंदाजानं भरले तरी तो फुगतो. म्हणूनच जवळचा एक न छेडलेला तलावही मोजावा. अमेरिकेत तलावांचे अभ्यासक स्टीफन कार्पेंटर यांच्या गटानं पीटर तलावात थोडे थोडे शिकारी मासे सोडले आणि शेजारचा पॉल तलाव तसाच ठेवला. २०११ मध्ये त्यांनी मांडलं की पीटर पूर्ण पालटण्याच्या वर्षभर आधीपासून इशारे दिसत होते.

पण कढई अजून खोल असतानाही एकाच रात्रीची अतिवृष्टी गोटीला काठापलीकडे फेकू शकते. तिथे हे गणित आधी काहीच सांगत नाही, आणि कोणत्या तारखेला पालटेल हेही सांगत नाही. ते सांगतं एवढंच, की तलावाची सोसण्याची ताकद घटते आहे.

तेवढ्यावरही एक निर्णय घेता येतो. दोन्ही तलावांच्या नोंदी शेजारी ठेवा. आपल्याच तलावाचे आकडे चढत असतील, तर या पावसाळ्यात रोहू-कटलाचं बीज सोडा, ग्रास कार्प आणि सायप्रिनसचं नको.

(दृश्य: तबकडी हळूहळू पाण्यात दिसेनाशी होते.)